जुन्या साड्यांची गोधडी: पहिल्या दुपट्यापासून पाच बाय सातच्या वाकळेपर्यंत

ठाण्यातल्या कुठल्याही जुन्या घरातला बॉक्सचा दिवाण उघडा, तळाशी सुती साड्यांचं एक गाठोडं निघतंच. त्या कुणी नेसत नाही, टाकवतही नाहीत आणि बोहारणीला द्यायला जीव होत नाही. आमच्याकडे आईच्या सहावारी आणि आजीची नऊवारी मिळून सतरा नग निघाले. आई कराडकडची, ती वाकळ म्हणते. मी ठाण्यात वाढलो, मी गोधडी म्हणतो. वस्तू एकच.

पहिली गोधडी मी कुणालाही न विचारता शिवली. दोन महिने लागले. टाके बऱ्यापैकी सरळ आले, पण अंथरली की मधोमध पोट सुटल्यासारखी फुगायची आणि चार कोपऱ्यांपैकी एक कायम वर उचललेला. ती घेऊन मी लोकमान्यनगरमधल्या एका मावशींकडे गेलो. त्या गेली कित्येक वर्षं लोकांच्या गोधड्या शिवून देतात. त्यांनी टाक्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. एक कोपरा धरून गोधडी झटकली आणि म्हणाल्या, "टाके बरे हायत दादा. कापड मांडायलाच चुकलंय तुमचं."

पुढे त्यांच्याकडे जे शिकलो ते सगळं या एका वाक्यात आहे. धावदोरा, म्हणजे सुई खाली-वर करत घातलेला साधा सरळ टाका, कुणालाही आठवडाभरात येतो. गोधडी बिघडते ती त्याच्या आधी, कापड निवडताना आणि जमिनीवर मांडताना. म्हणून या लेखात सुई बऱ्याच उशिरा येईल.

आधी दुपटं

एकदम मोठी गोधडी हातात घेऊ नका. बाळाचं दुपटं शिवा: ३० इंच बाय ३६ इंच, तीन थर. अर्ध्या सहावारी साडीत ते बसतं. हिशेब सोपा आहे. साडीचा पन्हा, म्हणजे रुंदी, साधारण ४५ इंच, म्हणजे ३६ इंचाची बाजू पन्ह्यात सहज निघते. लांबीतून खालच्या थराला ३४ इंच आणि वरच्या दोन थरांना ३०-३० इंच, मिळून ९४ इंच, म्हणजे आठ फुटांना जरा कमी. अर्धी साडी नऊ फूट असते.

दुपट्यात टाक्यांच्या ओळी पाऊण इंच अंतरावर घातल्या तर एकूण शिलाई भरते १२० फूट. नवशिक्याला एका फुटाला पाच मिनिटं धरा, म्हणजे दहा तास. रोज रात्री जेवणानंतर पाऊण तास बसलात तर दोन आठवडे. मोठ्या गोधडीत जे जे चुकतं ते सगळं दुपट्यातही चुकतं, फक्त उसवायला कमी लागतं. नात्यात कुणाकडे बाळ नसलं तरी अडत नाही. आमचं पहिलं दुपटं आई देव्हाऱ्यासमोर आसन म्हणून वापरते.

कापड: सुती, आणि खात्रीने सुती

साडीवर 'कॉटन' लिहिलंय किंवा दुकानदाराने तसं सांगितलं होतं, यावर जाऊ नका. काठाजवळचे चार धागे ओढून काढा, चिमट्यात धरून मोरीत नेऊन पेटवा. सूत असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राखाडी राख उरते, बोटाने चिरडली की भुकटी होते. पॉलिस्टर असेल तर धागा आक्रसतो, वितळतो आणि टोकाला कडक काळा मणी होतो. उभा आणि आडवा, दोन्ही दिशांचे धागे वेगवेगळे जाळून पाहा. एका दिशेला सूत आणि दुसऱ्या दिशेला पॉलिस्टर अशी मिश्र साडी चांगलीच चकवते.

हा खटाटोप कशासाठी? सुती कापडाला सुती कापड धरून राहतं. जुनं, शंभर वेळा धुतलेलं सूत तर एकमेकांना चिकटल्यासारखं बसतं. पॉलिस्टर त्यावर घसरतं. माझ्या पहिल्या गोधडीत मधला एक थर अशाच गुळगुळीत साडीचा होता. वरून दिसणार नाही म्हणून घातला होता. प्रत्येक ओळीला तो थोडा थोडा सरकत गेला आणि शेवटी सगळी ढिलाई मधोमध गोळा झाली. शिवाय घाम. ठाण्याच्या हवेत पॉलिस्टरचा थर अंगाखाली घेऊन झोपणं म्हणजे शिक्षा.

रेशमी साडी, जरीचा काठ, नायलॉन, जॉर्जेट बाजूला ठेवा. जरीचा काठ उसवून काढा, ती टोचते आणि धुण्यात तुटून वर येते. सुती विणीचा साधा काठ मात्र जपून ठेवा, त्याचं काम पुढे आहे.

मग जोर तपासायचा. साडी खिडकीसमोर धरा. जिथून उजेड जास्त येतो तिथे ती विरलेली. दोन्ही अंगठे चारेक इंचांवर ठेवून कापड ताणा, 'कर्र' असा बारीक आवाज आला तर तो भाग गेला. सहावारी साडी बहुधा बसायच्या जागी आणि पायघोळाशी आधी विरते. पदर आणि आतला खोचायचा भाग टिकलेला असतो. घट्ट भाग वरच्या आणि खालच्या थराला, विरलेला पण न फाटलेला मधल्या थराला. ओढताच फाटणारं जुनेर मात्र आतही घालू नका. आत ते चुरगळून गोळा होतं आणि बाहेरून चाचपलं की हाताला लागतं.

घरात साड्या नसतील तर? नवं मांजरपाट किंवा मलमल घेऊन शिवता येतं, पण ते आधी तीन-चार वेळा गरम पाण्यात धुऊन मऊ करावं लागतं. नातेवाइकांकडे, शेजारी विचारणं जास्त बरं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मी एकदाच लिहिलं, त्यानंतर तीन महिने दारात पिशव्या येत होत्या.

धुणं, आणि पावसाचा हिशेब

सगळं कापड शिवण्याआधी धुऊन, आटवून घ्यायचं. एक थर आधीच आटलेला आणि दुसरा नवा असेल तर पहिल्याच धुण्यात गोधडी सुरकुतते. खळ असेल तर रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी चोळून काढा. खळीच्या कापडातून सुई अडखळते आणि पावसाळ्यात खळीला बुरशी धरते, कसरही लागते.

रंग जातो का ते पाहायला पांढरं फडकं ओलं करून साडीच्या कोपऱ्यावर जोरात घासा. लाल, मरून आणि गडद निळा यांच्यावर जास्त लक्ष ठेवा. रंग उतरला तर ती साडी या गोधडीत नको. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो असं सगळेच सांगतात, माझी आईही सांगते. आधीच रंगवलेल्या कापडाचा सुटणारा रंग मिठाने थांबत नाही. मी दोन साड्यांवर करून पाहिलं, दोन्ही वेळा बादली लालच.

आता हवामान. कापडाची धुलाई मे संपायच्या आत उरका आणि कडक उन्हात वाळवून कोरड्या पिशवीत बांधा. जून ते सप्टेंबर ठाण्यात जाड कापड धड वाळत नाही. बाहेरून कोरडं लागतं, घडीत ओलसर राहतं आणि आठ दिवसांत कुबट वास सुटतो. उलट शिवायला पावसाळ्यासारखा दुसरा मोसम नाही. पंख्याखाली बसा, मांडीवर कापड घ्या, बाहेर काय व्हायचं ते होऊ दे. शिवून झालेल्या गोधडीची पहिली धुलाई मात्र ऑक्टोबरच्या उन्हापर्यंत थांबवा.

सुई, दोरा आणि बोटातली टोपी

सामान थोडकं आहे. स्टेशनपासून जांभळी नाक्यापर्यंतच्या बाजारात शिलाईसाहित्याच्या दुकानात जाऊन सरळ "गोधडीचा दोरा आणि सुई" असं मागा. दोरा सुतीच हवा, शिलाई मशीनच्या दोऱ्याहून जाड आणि पीळ घट्ट असलेला. हातात दोन्ही टोकं धरून झटका द्या. लगेच तुटला तर तो दुकानात पडून राहिलेला, जुना. पॉलिस्टरचा दोरा मजबूत असतो खरा, पण मऊ जुन्या सुताला तो कालांतराने आतून कापू शकतो. गोधडीत दोरा आधी तुटलेला परवडतो. तुटलेली ओळ पुन्हा घालता येते, कापलेलं कापड जोडता येत नाही.

सुई बोटाच्या दोन पेरांएवढी लांब, मोठ्या नेढ्याची घ्या. पोतं शिवायचं दाभण नको, त्याची भोकं राहतात. शिंपी बोटात घालतात ती धातूची टोपी, अंगुस्तान, मधल्या बोटात घाला. पहिले दोन दिवस ती अडचण वाटेल. मी नको म्हणून काढून ठेवली होती, तिसऱ्या दिवशी बोटाला भोक पडल्यावर शोधत बसलो. एक मेणबत्तीचा तुकडा, एक चांगली कात्री, वीस-पंचवीस सेफ्टी पिना. बस.

आणि एक शिस्त: सुया मोजून काढायच्या, मोजून ठेवायच्या. दुपट्यात एक सुई राहिली तर काय होईल हे सांगायला नको. माझ्या डबीच्या झाकणावर पेनाने '४' लिहिलंय. चार दिसल्याशिवाय मी उठत नाही.

फाडायचं, कापायचं नाही

साडीचे तुकडे कात्रीने कापू नका. काठाला कात्रीने अर्धा इंच चीर द्या आणि दोन्ही हातांनी फाडा. सुती कापड आडव्या धाग्यावर सरळ रेषेत फाटतं. कात्रीची रेघ डोळ्यांना सरळ दिसली तरी धाग्यावर सरळ नसते, आणि तिरक्या धाग्यावर कापलेला तुकडा ताणला की लांबतो. माझ्या गोधडीचा उचललेला कोपरा तिथून आला होता. फाडलेल्या कडेचे सुटे धागे ओढून टाका आणि प्रत्येक तुकड्याला इस्त्री करा. इस्त्री टाळायचा मोह होतो. टाळू नका, आत राहिलेली घडी वरून कधीच सरळ होत नाही.

दुपट्यासाठी खालचा थर, म्हणजे अस्तर, ३४ बाय ४० इंच आणि आतला व वरचा ३० बाय ३६ इंच.

मांडणी

पूर्वी हे अंगणात व्हायचं. सारवलेल्या जमिनीवर कापड अंथरून चार कोपऱ्यांना दगड ठेवायचे. आपल्याकडे हॉलमधला टीपॉय उचलायचा आणि सोफा सरकवायचा. पण फ्लॅटची एक सोय अंगणात नव्हती: लादी. लाद्यांचे सांधे काटकोनात असतात, त्यामुळे अस्तराची एक कड एका सांध्यावर आणि शेजारची कड दुसऱ्या सांध्यावर जुळवली की कोपरा आपोआप काटकोनात बसतो. हे मला कुणी शिकवलं नाही. मावशींना दाखवलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे जरा आदराने पाहिलं.

लादी कोरड्या फडक्याने पुसा. अस्तर उलटं अंथरा, म्हणजे त्याची चांगली बाजू जमिनीकडे. कापड ताठ बसेल इतकंच ओढा. ताणू नका. ताणून चिकटपट्टी लावली की सोडल्यावर ते आक्रसतं आणि वरचे थर फुगतात. चारही कडांना मध्यभागी एकेक पट्टी लावा, मग कोपऱ्यांना.

आतला थर अस्तरावर ठेवताना चारही बाजूंना दोन-दोन इंच अस्तर मोकळं राहिलं पाहिजे. आता तळहात मधोमध ठेवा आणि कडेकडे सरकवा, भाकरी थापल्यासारखं. आधी चार दिशांना, मग कोपऱ्यांकडे. कधीही कडेकडून मध्याकडे नाही. मग वरचा थर, चांगली बाजू वर, पुन्हा तसंच. प्रत्येक थराचा उभा धागा एकाच दिशेला ठेवा. उभा धागा आणि आडवा धागा वेगवेगळे ताणतात आणि वेगवेगळे आटतात.

हे सगळं करताना पंखा बंद. पहिल्या वेळेला मी तो बंद केला नव्हता.

नीट मांडलंय का याची एक परीक्षा आहे. जमिनीला डोळे टेकवल्यासारखे खाली वाकून आडवं पाहा. वरून सपाट दिसणारं कापड खालून लाटा दाखवतं. लाट दिसली तर वरचा थर पूर्ण उचला आणि पुन्हा घाला. बोटाने दाबून लाट कडेला नेता येते असं वाटतं, पण ती फक्त जागा बदलते.

कच्चे टाके

शिवताना थर सरकू नयेत म्हणून घालायचे आणि शेवटी काढून टाकायचे हे तात्पुरते टाके. इथे घाई करणारा पुढे दोन आठवडे पस्तावतो. कापड जमिनीवरून न उचलता मधोमधून सुरू करा. तीन-चार इंचांचे लांब टाके, मध्यापासून वरच्या कडेपर्यंत, मग मध्यापासून खालच्या, डाव्या, उजव्या. अधिकचं चिन्ह तयार होईल. मग दोन्ही तिरक्या दिशा. नंतर वीतभर अंतरावर आडव्या ओळी. दोरा वेगळ्या रंगाचा, पण फिका. लाल दोऱ्याचा रंग ओल्या हाताने उतरतो. एक हात कापडाखाली घालून उचलायचं नाही, सुई तिरकी धरून लादीला टेकवून वर काढायची. लादीवर किरकिर आवाज होतो, खालच्या मजल्यावाले तक्रार करत नाहीत.

पिना लावून भागेल का? दुपट्याला भागेल. मोठ्या गोधडीला नाही, पिना मांडीवर टोचतात आणि दोन पिनांच्या मध्ये कापड सरकतंच.

मग कड. अस्तराचे बाहेर राहिलेले दोन इंच एकदा अर्ध्यात आत दुमडा आणि पुन्हा दुमडून वरच्या थरावर घ्या. एक इंचाची पट्टी तयार होते. आधी समोरासमोरच्या दोन बाजू, मग उरलेल्या दोन. जपून ठेवलेला सुती काठ असेल तर तो या पट्टीवर लावा. गोधडीची कड सगळ्यांत आधी झिजते आणि साडीचा काठ मुळातच दाट विणलेला असतो.

आता सुई

दोरा हाताच्या बोटांपासून कोपरापर्यंत मोजा आणि त्याच्या दीडपट घ्या. जास्त लांब घेतला तर वारंवार ओवावं लागत नाही, पण गुंता होतो आणि शेवटचा भाग कापडातून जाऊन जाऊन तंतू सोडतो. मेणावरून दोनदा ओढा. दोरा एकेरी ठेवा.

गाठ वर दिसू द्यायची नाही. सुई दोन थरांच्या मधून इंचभर आत घालून कडेशी बाहेर काढा, हलका झटका द्या, गाठ आत जाऊन अडकते. संपताना एक टाका मागे घेऊन पुन्हा थरांच्या मधून दोरा पळवा आणि कापा.

टाका गव्हाच्या दाण्याएवढा. दोन टाक्यांतलं अंतरही तेवढंच. मावशींचा टाका तांदळाएवढा असतो, पण त्या बघत नाहीत, बोटांनीच घालतात. सुईवर एका वेळी चार-पाच टाके भरा आणि मग ओढा. डावा हात खाली असतो, सुईचं टोक त्याच्या बोटाला लागलं की ती खालपर्यंत पोचली असं समजायचं. दर दहा टाक्यांनी उलट बाजू पाहा. वरून सुंदर आणि खालून दर तिसरा टाका गायब, ही नवशिक्याची खूण.

पहिली ओळ कडेच्या पट्टीवर. दुसरी तिच्या आत, एका बोटाच्या अंतरावर. अशी चारही बाजूंनी फिरत, चौकटीत चौकट करत मध्याकडे जायचं. कोपऱ्याशी पोचलात की एक टाका मागे घ्या आणि मग वळा, नाहीतर कोपरा गोल होत जातो आणि दहाव्या फेरीला चौकटीऐवजी अंडं दिसतं. अंतर मोजायला पट्टी नको. डाव्या हाताचं बोट आधीच्या ओळीला टेकवा, त्याच्या कडेने चाला.

दोरा किती ओढायचा? एक ओळ झाली की ती दोन्ही टोकांना धरून हलकेच ताणा. 'टक' असा आवाज आला तर दोरा तुटला, म्हणजे फार ओढला होतात. कापड सपाट होऊन टाके जागेवर राहिले तर बरोबर. टाक्यांच्या मध्ये कापड किंचित फुगलेलं दिसायला हवं. त्या बारीक बारीक फुग्यांत हवा अडकते आणि गोधडीची ऊब त्यातूनच येते. मशीनवर मारलेली गोधडी तुलनेने चपटी आणि ताठ असते ती याचमुळे. वाईट नसते, लवकर होते, पण या लेखाचा तो विषय नाही.

बसण्याबद्दल एक. आईने मला दिवाणावर वाकून शिवताना पाहिलं आणि म्हणाली, "अरे, वाकळ मांडीवर घ्यायची असते, तू वाकळेच्या मांडीवर बसलायस." भिंतीला टेकून, एक गुडघा उभा करून त्यावर कापड घ्या. मान वाचते.

मध्ये फुगा आला तर

चौकटीत फिरत आत गेलं की प्रत्येक फेरी ढिलं कापड थोडं थोडं मध्याकडे ढकलते. मांडणी आणि कच्चे टाके नीट असतील तर ही ढिलाई जिरते. नसतील तर शेवटच्या फूटभर जागेत फुगा येतो.

तो दाबून शिवू नका. चुण्या पडतात आणि पाठीला लागतात. शेवटच्या चार-पाच फेऱ्या उसवा, तळहाताने कापड पुन्हा मध्यातून बाहेर सारा, वीतभर ऐवजी चार बोटांवर नवे कच्चे टाके घाला आणि मग परत शिवा. एवढं करूनही अर्धा-पाऊण इंच ढिलाई उरलीच तर मधोमध एक चिमूट दुमडा आणि त्यावर चौकोनी ठिगळ लावा. लोक नक्षी समजतात. मावशींनी शिवलेल्या गोधड्यांतल्या किती चौकोनांखाली चिमूट आहे ते त्यांनी मला अजून सांगितलेलं नाही.

मोठी गोधडी: एक नऊवारी, एक सहावारी

पाच फूट बाय सात फूट, चार थर. एकेरी पलंगाला किंवा एसीच्या खोलीत पांघरायला पुरते. ठाण्याच्या थंडीला तीन थरही चालतात. चार थर घालायचे ते गावाकडे न्यायची असेल तर.

पन्हा ४५ इंच असल्याने सात फुटांची बाजू दोन पट्टे जोडूनच निघते. म्हणजे एका थराला पाच-पाच फुटांचे दोन तुकडे, चार थरांना आठ. नऊवारी म्हणजे नऊ वार, २७ फूट. तिच्यातून अस्तराचे दोन तुकडे ५ फूट ४ इंचांचे आणि आणखी तीन पाच-पाच फुटांचे काढा, फूटभर उरतं. सहावारीच्या १८ फुटांतून पाच-पाच फुटांचे तीन. आठ झाले, आणि सहावारीचा तीन फुटांचा तुकडा ठिगळांना शिल्लक. पदराची बाजू वरच्या थराला ठेवायची असेल तर फाडण्याआधी खडूने खूण करा. घाईत पदर मध्ये गेला की काढता येत नाही.

दोन पट्टे जोडताना एकावर एक इंचभर चढवून दोन्ही कडांना धावदोरा घाला, सांधा सपाट राहतो. जोडून झालं की सात फुटांच्या बाजूचं जास्तीचं कापड छाटा, अस्तराला मात्र चारही बाजूंचे दोन-दोन इंच सोडून. चारही थरांचे सांधे एकाखाली एक येऊ देऊ नका, गवंडी विटांचे सांधे चुकवतो तसे चार-चार बोटं चुकवा. त्यासाठी जास्तीचं कापड एका थराला डावीकडून आणि दुसऱ्याला उजवीकडून छाटा.

ओळी एक इंचावर घातल्या तर शिलाई ४२० फूट होते, दोरा एकपंचमांश जास्त धरून साधारण १५५ मीटर. एका फुटाला चार मिनिटांचा हात बसला असेल तर २८ तास. चौघं चार बाजूंनी बसली तर एका शनिवार-रविवारचं काम. फक्त चौघांचे टाके चार प्रकारचे येतात. मला ते आवडतं, आईला अजिबात नाही.

ठिगळांची

तुकड्यांचे त्रिकोण-चौकोन जोडून वरचा थर करायचा असेल तर आधी दोन साध्या गोधड्या शिवून व्हाव्यात असं माझं मत. सोपी पद्धत अशी: वरचा थर वेगळा जोडत बसायचा नाही. अस्तर आणि आतला थर मांडून कच्चे टाके घालायचे, मग कोपऱ्यापासून एकेक ठिगळ कड दुमडून ठेवायचं आणि त्याच्यावरून ओळ घालत पुढचं ठिगळ त्याच्याखाली सरकवायचं. कर्नाटकच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या, मूळ आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका त्यांची 'कवंदी' साधारण अशीच कडेकडून आत शिवत नेतात आणि शेवटी चार कोपऱ्यांना दुमडलेल्या चिंध्यांची 'फुलं' लावतात. त्याशिवाय कवंदी उघडी मानतात. बंगालचा कंथा आणि बिहारची सुजनीही जुन्या कापडाचे थर आणि धावदोरा यांवरच उभी आहे, फक्त तिथे दोऱ्याने चित्रं काढतात.

कुणाकडून शिकाल

दोन बैठका कुणाच्या तरी शेजारी बसून काढा. वागळे इस्टेट, लोकमान्यनगर, किसननगर या भागांत सातारा-सांगली-नगरकडच्या बायका पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यातल्या अनेकींना हे काम येतं. घरी कामाला येणाऱ्या मावशींना विचारलं तरी कुणीतरी सापडतं. पण शिकवण्याचे पैसे द्या, आणि आधी ठरवून द्या. "जरा दाखवा ना" म्हणून तास घ्यायचे आणि चहावर भागवायचं, हे शोभत नाही. ज्या दोन तासांत त्या तुम्हाला शिकवतात तेवढ्यात त्यांच्या ऑर्डरची कितीतरी शिलाई होते.

धुणं आणि ठेवणं

कच्चे टाके काढा, सुया मोजा, मग थंड पाण्यात सौम्य साबणाने धुवा. चार थरांची गोधडी ओली झाली की चांगलीच जड होते. पिळू नका, बादलीच्या काठावर ठेवून पाणी गळू द्या. मशीन चालतं, हलक्या फेरीवर आणि एकटीच. बाल्कनीतल्या एका दांडीवर टाकली तर मधून ताणते आणि वर्षभरात तिथे ओळी तुटतात, दोन-तीन दांड्यांवर पसरून टाका. गच्चीची किल्ली मिळत असेल तर उत्तम.

कपाटात ठेवताना कडुनिंबाची वाळलेली पानं सुती पुरचुंडीत बांधून घाला. बाळाच्या दुपट्यांजवळ डांबराच्या गोळ्या नकोत, त्यांतलं नॅप्थलीन तान्ह्या बाळांना त्रासदायक ठरू शकतं. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधूनही ठेवू नका, पावसाळ्यात आत दमटपणा कोंडतो. जुन्या धोतराचं बासन पुरे.

ओळ तुटली की त्याच आठवड्यात घाला. वरचा थर विरला तर गोधडी टाकायची नसते, त्याच्यावरच नवं कापड घालून नव्याने ओळी फिरवायच्या. आतल्या जुन्या ओळींशी जुळवायची गरज नाही. माझी ती पोट सुटलेली पहिली गोधडी मी अशीच वापरली. फुग्याजवळच्या ओळी उसवल्या, तिथली ती गुळगुळीत साडी ओढून काढली, उरलेले थर लादीवर पुन्हा थापले आणि खाली-वर आजीची नऊवारी घातली. आता ती आईच्या दिवाणावर आहे. आत काय आहे ते तिला ठाऊक आहे, पाहुण्यांना सांगतेही.